चार बोटांचा उतार

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बोलली! भर सभेत बोलली, आता मागं घेणं नाई.

आमच्या बेलधऱ्याच्या पाणी वापर संस्थेची सभा होती, ग्रामपंचायतीच्या हॉलमधे. पहिले तं मले खुर्चीच भेटली नाई. अध्यक्ष मी, आन् खुर्चीवर कोण — तं हे! यायले लोकायनं हाताले धरून बसवलं. "बंडूजी, तुम्ही बोला, वहिनी आयकतीन." हे बिचारे इकडं तिकडं पाहून राह्यले. मी म्हटलं, उठा जी. निवडून मी आली. घरी मी तुमची बायको, इथं अध्यक्ष. हे उठले, आन् सगळ्यात मोठ्यानं हसले बी हेच. नवरा चांगला आहे माहा, हे लिहून ठेवते.

मंग टेलचा, म्हंजे नहरेच्या शेवटाचा, विषय निघाला. मोठ्या नहरेतून दोन फाटे निघते. एक आपला, एक चिंचखेड्याचा. चिंचखेड्याचा फाटा भरून वाह्यते, उरलेलं पाणी नाल्यात जाते. आपल्या फाट्यावर वरचे लोक ओलित करते आन् खालचे, टेलवरचे चाळीस घरं कोरड्या नहरेत बकऱ्या चारते. अकरा वर्षं झाली! दोन्ही फाटे जोडणारी एक लहान नहर कागदावर केव्हाचीच आहे. साडेसहाशे मीटर. दोन्हीकडची टोकं खोदलेली, आन् मधातले दोनशे दहा मीटर तसेच. काऊन? साहेब बदलले, ठेकेदार पळाला, फाईल वर्ध्याले गेली — जितके तोंडं तितक्या गोष्टी.

आनंदाबाई उठली. सत्तरीची आहे, वावर एकदम टेलवर, आन् जिभेले हाड नाई. म्हणे, "दर वर्षी सभा, दर वर्षी चहा. बोलाचीच कढी! पुढच्या वर्षी चहात दूध तरी जास्त टाका."

सगळे खीः खीः करून हसले. मले असा राग आला! मी उभी राहून म्हटलं, या रब्बीचं पाणी सुटाच्या आंधी जोड चालू झाली नाई, तं मी अध्यक्षपद सोडीन.

घरी आल्यावर हे म्हणे, "उचलली जीभ, लावली टाळ्याले! मधातली जागा कोणाच्या वहितीत आहे, माहीत आहे ना?"

माहीत आहे. माह्या भावाच्या.


२७ ऑक्टोबर, रविवार

हेमराजले फोन केला. ती जागा सरकारनं आमचे बाबा होते तवाच घेतली. कोणी खोदली नाई म्हणून हेमराज तिथं पेरते. यंदा तूर आहे, फुलावर आली.

मी तोंड उघडाच्या आंधीच तो म्हणे, "बाई, दिवाळीले येजो. पाण्याचं काढू नको."

याले मी कडेवर घेऊन हिंडली. याचं नाक मी पुसलं. आन् आता मले म्हणते, काढू नको!


२९ ऑक्टोबर, मंगळवार

अनारसे सगळे तेलात फुटले. डोक्यात नहर असली तं असंच होणार.


३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

सगळं जसं झालं तसं लिहिते, विसराच्या आंधी.

चिंचखेड्याले गेलो, यायच्या गाडीवर. हेमराज पाटावर बसला. टोपी घातली. मी टिळा लावला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मोतिया रंगाची. भावजयीची पसंती, ती नेहमी चांगलंच आणते. मी ताट खाली ठेवलं नाई. धरूनच राह्यली. म्हटलं, साडी नको.

"मंग काय पाहिजे?"

"दोनशे दहा मीटर."

भावजय चिवडा वाढून राह्यलती, तिचा हात तसाच. हेमराज म्हणे, "ओवाळणीत वावर मागते का कोणी?"

"वावर सरकारचं आहे. तुही फक्त तूर आहे. तूर सोड."

"फुलावर आहे, बाई."

"पाहूनच आली मी. वाळली तूर कोणी बी देईल."

"हे आंधी सांगाचं होतं."

"आंधी सांगितलं असतं तं तू पाटावर बसला असता का?"

आता भाऊबीजेचं ताट रिकामं वापस नेत नाई आमच्याकडं, आन् ओवाळणी घातल्याशिवाय भाऊ पाटावरून उठत नाई. साडी मी घेत नाई, ताट मी ठेवत नाई. तो बसलेला, मी उभी. दिवा फडफडून राह्यला, माहा हात दुखून राह्यला. मनात म्हटलं, तुटला हात तरी चालते आज. पाच मिनिटं तरी झाले असतीन. मंग हेमराजनं डोक्यावरची टोपी काढून ताटात ठेवली. "घे." एवढंच म्हणे. उठला आन् मागच्या दारानं ढोरायकडं गेला. जेवाले आला नाई.

साडी बी घेतली मी! भावजयनं पिशवीत कोंबून देली. म्हणे, "बाई, तुमच्यासारखी नणद दुश्मनाले बी नको." हसून म्हणे, पण म्हणे.

येतानी गाडीवर मी गाणं म्हणून राह्यलती. हे म्हणे, "भाऊ नाराज झाला तुहा." म्हटलं, होईल बरा. माहं तं मन गाडीच्याई पुढं पळून राह्यलतं. कोण्या बाईले भेटली अशी ओवाळणी? सांगा मले! पूर्ण आर्वी तालुक्यात एक दाखवा.


६ नोव्हेंबर, बुधवार

हेमराजनं तूर कापली. स्वतःच. फुलासकट ढोरायपुढं टाकली म्हणे. मले त्यानं सांगितलं नाई, तिकडून आलेल्या दूधवाल्यानं सांगितलं.

मी गेली असती ना कापू लागाले.


८ नोव्हेंबर, शुक्रवार

आर्वीले नहरेच्या ऑफिसात गेली. पौर्णिमा मॅडम भेटल्या. आपला फाटा यायच्याकडंच आहे. नोकरीले दोनच वर्षं झाली, वर्ध्याच्या आहे, माह्या पोरीच्या वयाची पोरगी, पण टेबलावर कागद कसे लावलेले! पाहूनच बरं वाटते. म्हणे, "परवानगी जुनीच आहे, ताई, काही अडचण नाही. जेसीबी चार दिवस देते. पण लेव्हल घेणारा माणूस निवडणुकीच्या ड्युटीवर आहे. तेवीस तारखेनंतर येईल. थांबा."

म्हटलं, पाणी केव्हा सुटते?

"सव्वीस-सत्तावीसला."

मंग थांबून कसं जमंल? म्हटलं, लेव्हल आमचा रूपराव मिस्त्री घेईल. पूर्ण बेलधऱ्याची घरं त्याच्याच लेव्हलवर उभी आहे. एका भिंतीले तडा नाई.

मॅडमचे दोन फोन वाजून राह्यलते, दारात मतदानाच्या पेट्यायचा माणूस उभा. म्हणे, "बरं. पण लेव्हल नीट घ्या हं, कौशल्याताई. सगळं लेव्हलवरच आहे."

म्हटलं, तुम्ही बिलकुल फिकर करू नका.


११ नोव्हेंबर, सोमवार

काल काम सुरू झालं. जेसीबी खोदते, आन् मागं मी आन् रूपराव नळी घेऊन. साधी पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. एक टोक त्याच्या हातात, एक माह्या. दोन्हीकडं पाणी सारख्या खुणेवर आलं, म्हंजे जमीन बरोबर. रूपराव म्हणे, "माणूस खोटं बोलते, वहिनी, नळीतलं पाणी नाई बोलत." दर वीस पावलाले आम्ही मोजतो. एका ठिकाणी बोटभर फरक निघाला, मी पुन्हा खरडाले लावलं. जेसीबीवाला वैतागला. म्हणे, "बाई, नहर आहे, देव्हारा नाई."

म्हटलं, मले दोन्ही सारखेच. खरड.


१३ नोव्हेंबर, बुधवार

झालं! झालं! झालं!

जेसीबी दुपारीच गेली, चार दिवस संपले. बारीक काम राह्यलं होतं, तं बाया आल्या. मी नऊ बायायले सांगितलं होतं, एकतीस आल्या. घमेले घेऊन, फावडे घेऊन. आनंदाबाई तं स्वतःच्या घरची कुदळ घेऊन. म्हटलं, तुम्ही बसा सावलीत. म्हणे, "चूप बस, तुह्यापेक्षा जास्त माती उचलली मी." झुणका-भाकर तिथंच झाली, नहरेच्या पारीवर, पाय आत सोडून. गाव करी ते राव काय करी!

शेवटी रूपरावनं नळी लावली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टप्प्याटप्प्यानं. उठून हात झटकले. "वहिनी, केसाचा फरक नाई. गोटी ठेवली तं जाग्यावर राहीन."

मी खाली उतरून मधात उभी राह्यली. दोन्हीकडं पाह्यलं. अशी सरळ, अशी साफ नहर! फोटो काढून हेमराजले पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, बस.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

पाय दुखते, पाठ दुखते, खांदा दुखते. मस्त दुखते!


२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आली. रांगेत चार बायायनं नहरेचं विचारलं. उमेदवाराचं कोणीच नाई विचारलं.


२५ नोव्हेंबर, सोमवार

लिहू का नको. लिहिते.

मॅडम आल्या. तीन पायाची दुर्बीण आन् लंबी पट्टी घेऊन. पूर्ण गाव जमलेला. मी मोतिया साडी नेसून गेलती. मॅडमनं दुर्बिणीतून पाह्यलं. मंग त्या टोकाले जाऊन पाह्यलं. मंग वापस येऊन पुन्हा पाह्यलं. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. म्हणे, "ताई, लेव्हल कशी घेतली?"

मी सगळं सांगितलं. नळी, वीस पावलं, बोटभर फरक आला तं पुन्हा खरडलं, केसाचा फरक नाई — मोठ्या आवाजात सांगितलं, मागच्यायले बी आयकू गेलं पाहिजे म्हणून! मॅडमनं तोंड तिकडं फिरवलं. मले वाटलं खोकला आला. खांदे हालून राह्यलते.

"ताई, नहरेला उतार लागतो. लेव्हल घ्यायची म्हणजे कुठं किती खाली न्यायचं ते मोजायचं. तुम्ही तर फरशी केली!"

रूपराव एकदम पांढरा पडला. म्हणे, "मॅडम, आमच्या धंद्यात लेव्हल म्हंजे सपाट. न्हाणीले उतार लागते तं लोक सांगते, 'मिस्त्री, उतार देजो', मी देतो. इथं मले कोणी उतार म्हटलंच नाई."

खरं आहे. मी लेव्हल म्हटलं. मॅडमनं बी लेव्हलच म्हटलं.

"कितीक पाहिजे होता?"

"पूर्ण दोनशे दहा मीटरला? चार बोटं."

चार बोटं! भाजीत पाणी घालते तेवढं. आनंदाबाई वाटच पाहून राह्यलती. "कौशल्याबाईनं नहर नाई खोदली व माय, लंबा ओटा सारवला!" जे हसले लोक, जे हसले! हे बी हसले, मंग माह्याकडं पाहून थांबले.

मॅडम मले बाजूले घेऊन गेल्या. म्हणे, "पाणी येईल, ताई. हळू येईल. सपाट आहे ना, म्हणून ज्या बाजूचं पाणी उंच असेल तिकडून दुसरीकडं जाईल. चिंचखेड्याचा फाटा भरून वाहतो, म्हणजे तुमच्याकडंच येणार. नंतर सवडीनं तुमच्याकडचं टोक चार बोटं खोल करून घ्या."

"येईल ना पण?"

"येईल."

जेवली नाई आज.


२६ नोव्हेंबर, मंगळवार

रूपराव आला. दारातच उभा. "वहिनी, लोकायले सांगा मिस्त्रीनं चुकवलं. माह्यावर ढकला."

म्हटलं, नळीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं? बस, चहा घे.

दोन कप पेला. मंग त्यालेच हसू आलं. म्हणे, "पण वहिनी, फरशी मात्र एक नंबर झाली." मी बी हसली मंग. कालपासून पहिल्यांदा.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

आलं! पाणी आलं!

सकाळी दहा वाजता चिंचखेड्याकडचं गेट उचललं. आम्ही सगळे पारीवर. पहिले काहीच नाई. मंग दूर काहीतरी चमकलं. काडीकचरा, फेस, वाळले पानं, सगळं पुढं ढकलत ढकलत, रांगत्या लेकरासारखं हळू हळू. मधात मधात थांबे! थांबलं का माहा जीव थांबे. मॅडमनं सांगितलेलं आठवून मी म्हणून राह्यलती, ये ना, ये ना, सपाट आहे तं काय झालं. दोनशे दहा मीटर याले पाऊण तास लागला. आम्ही त्याच्या बरोबरीनं पायी चाललो. मंग आपल्या फाट्यात पडलं, आन् टेलकडं वळलं.

आनंदाबाईच्या वावरात चार वाजता पोचलं. ती धुऱ्यावर बसून होती. मले वाटलं आता काहीतरी टोमणा मारते. तं तिनं दांडातल्या पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ तसाच ठेवला. म्हणे, "गार आहे." मंग डोळ्याले पदर लावला आन् म्हणे, "तुह्या ओट्यावरून आलं व, कौशल्या."

मी अध्यक्ष आहे. मी बोलली ते केलं. अकरा वर्षांत एका माणसानं केलं नाई ते मी अठरा दिवसात केलं, आन् चुकून केलं तरी केलं! मले असं वाटून राह्यलं का पूर्ण गावानं मले डोक्यावर घेऊन नाचावं. थोडंसं नाचले बी.

हेमराज सकाळी त्याच्या बाजूच्या पारीवर उभा होता, जिथं त्याची तूर होती तिथं. मी हात केला, "ये इकडं, पेढा खाऊन जाजो!" म्हणे, "ढोरं सोडाची आहे." दहा वाजता कोणाची ढोरं सोडाची राह्यते?


२ डिसेंबर, सोमवार

आर्वीचा पेपरवाला आला. फोटो काढला. पुलगावच्या बाजूचे काही लोक जोड पाहाले आले, मी हिंडून हिंडून दाखवली. आता मले कोणी वहिनी म्हणत नाई, अध्यक्षीणबाई म्हणते. वीस तारखेले आर्वीले सत्कार आहे, तालुक्यातल्या चांगल्या संस्थेच्या अध्यक्षाचा. शाल, श्रीफळ आन् दोन शब्द. दोन शब्द म्हणे! मी चार पानं लिहिली. हे म्हणे, "कमी कर." म्हटलं, अकरा वर्षं आहे ती, दोन शब्दात कशी बसंल?

सभेत ठरलं, चवदा तारखेले जोड दोन दिवस अडवून आपल्याकडचं टोक चार बोटं खोल करायचं. म्हंजे पाणी पळत येईल. रूपरावले सांगून ठेवलं, या वेळी दहा वेळा 'उतार' म्हटलं.


११ डिसेंबर, बुधवार

चिंचखेड्याचा फाटा फुटला. वरच, सुरुवातीलेच. खेकड्यायनं पारीत बिळं केलती म्हणे. दहा मीटर पार वाहून गेली.

त्यायचं गेट बंद केलं, आन् मोठ्या नहरेतलं सगळं पाणी आपल्या फाट्यात वळवलं. त्यायच्या वाट्याचं बी. आपला फाटा काठोकाठ! टेलवर आपोआप पाणी. लोक खुश. "देव देते तं छप्पर फाडून देते, अध्यक्षीणबाई!" मी बी पहिले खुशच झाली, खोटं काऊन लिहू.

मंग मॅडमले फोन केला. फाटा दुरुस्त व्हाले वीस-पंचवीस दिवस लागतीन. म्हटलं, त्यायचा गहू अठरा दिवसाचा आहे, पहिलं पाणी आताच पाहिजे. मॅडम म्हणे, "हो, ताई."

हेमराजचा फोन नाई. त्याचा सव्वातीन एकर गहू आहे यंदा.


१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी जोडवर गेली. पाण्यात काडी तरंगून राह्यलती. मी पाहून राह्यली, पाहून राह्यली. काडी तिकडं चालली! आपल्याकडून चिंचखेड्याकडं. उलटी!

मॅडम म्हणे तेच झालं. आपला फाटा भरला, त्यायचा रिकामा. जिकडं उंच तिकडून दुसरीकडं.

काडीच्या मागं मागं गेली मी त्या टोकापर्यंत. तिथं चिंचखेड्याचे पंधरा-वीस माणसं फावडे घेऊन उभे. हेमराज पुढं आला. म्हणे, "बाई, आम्ही काही केलं नाई. गेटले हात नाई लावला. आपोआप येऊन राह्यलं."

माहा भाऊ. मले सफाई देऊन राह्यलता, चोरासारखी!

म्हटलं, ओलित कर. आन् वळली, नाई तं तिथंच रडली असती.


१४ डिसेंबर, शनिवार

रूपराव नळी घेऊन आला, मी वापस पाठवला. म्हटलं, आज खोदणं नाई, उतार झाला का पाणी तिकडं चढाचं नाई.

दुपारी अंगणात पन्नास माणसं. "चार बोटं काऊन नाई खोदली?" "आपलं पाणी चाल्लं!" "रेतीच्या बोऱ्या टाका, जोड बंद करा."

मी सांगितलं, हे पाणी त्यायच्याच वाट्याचं आहे. आपल्याले पाळी दोन दिवस उशिरा येते, बस. आपलं उशिरा होते, त्यायचं जळते. टेलवर आजही पाणी आहे, जाऊन पाहा. कोणी पाहाले तयार नाई.

आनंदाबाई म्हणे, "अकरा वर्षं आमचं जळलं, तवा चिंचखेड्यावरून कोण आलतं?"

खरं आहे तिचं. तिच्या आवाजात आज टोमणा नव्हता, ते जास्त लागलं.

मंग मागून कोणीतरी म्हणे, "भाऊबीज वापस करून राह्यली!" अंगाची आग झाली माह्या! मी म्हटलं, हो, भाऊ आहे माहा, लपवत नाई. पण तिथं नव्वद घरं आहे, नव्वद माहे भाऊ नाई.

बुधवारी सभा लावली. बोऱ्या तिथंच, माह्या अंगणात ठेवून गेले.


१६ डिसेंबर, सोमवार

आपली एकही पाळी सुकली नाई. आज पूर्ण फाटा पायी फिरली, घर-घर विचारलं. "आता नाई, पण उद्या कमी पडलं तं?" सगळ्यायचं एकच. भेव आहे त्यायले. अकरा वर्षाचं भेव एका महिन्यात कसं जाईल?

यायनं विचारलं, "काय करशीन?" म्हटलं, माहीत नाई. म्हणे, "जे करशीन ते चांगल्या साडीवर कर." इतक्या टेन्शनमधेही हसू आलं मले.


१८ डिसेंबर, बुधवार

ठराव झाला. बत्तीस विरुद्ध सात. जोड बंद करायची, उद्याच. संस्थेचा नियम आहे, अध्यक्षाची सही झाल्याशिवाय जोडले कोणी हात लावू शकत नाई, आन् उपाध्यक्षाची जागा भांडणापायी अजून खालीच आहे. वही माह्यापुढं सरकवली.

मी पान उलटवलं, राजीनामा लिहिला, त्याच्यावर सही केली.

नवा अध्यक्ष निवडाले पंधरा दिवसाची नोटीस लागते. चिंचखेड्याच्या सगळ्या गव्हाले एक पाणी फिराले तेरा दिवस लागते. सकाळीच हेमराजले विचारून आलती मी.